विश्लेषण : आखातातील नोकरी संपली; पण घरी परतण्याची परवानगी कोण देणार?

नोकरीचा करार संपला आहे, सामान बांधून झाले आहे, रियाध-मुंबई विमानाचे तिकीटही हातात आहे. तरीही विमानतळावरील इमिग्रेशनच्या खिडकीवरून प्रवाशाला मागे फिरावे लागू शकते. पासपोर्ट खरा असतो, तिकीट खरे असते. पण अधिकाऱ्यासमोरील संगणकात त्याच्या नावापुढे ‘एक्झिट’ दिसत नाही. रत्नागिरी, रायगडपासून गोव्यापर्यंत कोकणपट्टीतील असंख्य घरांना हा शब्द परिचयाचा आहे. परदेशात जाण्यासाठी व्हिसा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. काही देशांतून बाहेर पडण्यासाठीही कागद लागतो, हे मात्र अनेकांना परतीच्या वेळीच कळते. हा कागद कोण देतो, तो कुठे अडतो आणि तो हाती येण्याआधी कोणता हिशेब पूर्ण करायला हवा, याविषयी…

देश सोडायला परवानगी कशासाठी?

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती (यूएई), कुवेत, कतार, ओमान आणि बहारीन या सहा आखाती देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. या देशांतील परदेशी कामगारांची व्यवस्था अनेक दशके ‘कफाला’ पद्धतीवर उभी राहिली. कफाला म्हणजे हमी. परदेशी व्यक्तीच्या वास्तव्याची हमी स्थानिक मालक किंवा कंपनी घेते. या हमीदाराला ‘कफील’ म्हणतात. कामगाराचा निवास परवाना कफीलच्या नावाशी जोडलेला असतो. सौदीत या परवान्याला ‘इकामा’ म्हणतात.

वास्तव्याची जबाबदारी कफीलची, म्हणून कामगार देशात आला, नोकरी बदलली किंवा देश सोडला तर त्याला कफीलची संमती हवी, असा या व्यवस्थेचा तर्क होता. यजमान सरकारच्या दृष्टीने त्यात सोय होती. कर्ज बुडवून किंवा खटला टाळून कोणी पळून जाऊ नये, यासाठी बाहेर पडण्याच्या दारावरच तपासणी ठेवता येत होती. कामगाराच्या दृष्टीने मात्र अर्थ वेगळा होता. ज्याच्याकडे पगार थकला आहे, त्याच्याच सहीशिवाय घरी जाता येत नव्हते. गेल्या काही वर्षांत हे नियम बरेच सैल झाले. पण ते सर्व देशांत सारखे नाहीत आणि एकाच देशातील सर्व कामगारांनाही सारखे लागू होत नाहीत.

कोणत्या देशात काय स्थिती आहे?

कतारने २०१८च्या कायदा क्रमांक १३ द्वारे बहुतांश खासगी कामगारांसाठी एक्झिट परमिटची अट काढली. २८ ऑक्टोबर २०१८ पासून तो लागू झाला. कंपनीला जास्तीत जास्त पाच टक्के कर्मचाऱ्यांसाठी पूर्वसंमतीची अट ठेवण्याची मुभा देण्यात आली. जानेवारी २०२० मध्ये ही सवलत घरकामगार, सरकारी कर्मचारी, तेल व वायू क्षेत्रातील कामगार यांच्यापर्यंत वाढवण्यात आली. घरकामगाराने देश सोडण्याच्या किमान ७२ तास आधी मालकाला कळवावे, एवढी अट राहिली. सैन्यदलातील नोकऱ्या या बदलातून वगळण्यात आल्या.

यूएईमध्ये स्वतंत्र एक्झिट परमिट लागत नाही. तेथे खरा मुद्दा असतो तो वर्क परमिट आणि निवास व्हिसा रद्द करण्याचा. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडण्यासाठी किंवा नवी नोकरी शोधण्यासाठी ठरावीक सवलतीचा काळ मिळतो. तो उलटल्यावर दररोज ५० दिरहम दंड सुरू होतो. वर्ष-दोन वर्षे असा काळ गेला की दंडाची रक्कम कामगाराच्या आवाक्याबाहेर जाते आणि मग तो आणखी लपून राहतो. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी यूएईने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात माफी योजना राबवली. त्यात दंड न भरता आणि पुनर्प्रवेश बंदीविना देश सोडण्याची संधी होती.

कुवेतचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. १ जुलै २०२५ पासून तेथील खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांना देशाबाहेर जाण्यापूर्वी मालकाच्या संमतीने एक्झिट परमिट घेणे बंधनकारक झाले. निवास कायद्याच्या १८व्या कलमाखाली ज्यांचा परवाना आहे, त्यांना हा नियम लागू आहे. अर्ज ऑनलाइन करायचा आणि मालकाने तो ऑनलाइनच मंजूर करायचा, अशी पद्धत आहे. कायमचे परतणाऱ्यांनाच नव्हे, तर सुट्टीवर येणाऱ्यांनाही परमिट लागते. त्यामुळे कुवेतहून गणपतीला किंवा ईदला गावी येणाऱ्यांनी तिकिटाआधी परमिटचा विचार करणे आवश्यक झाले आहे.

‘खुरूज औदा’ आणि ‘खुरूज निहाई’ यांत फरक काय?

सौदी अरेबियात बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ‘खुरूज औदा’, म्हणजे जाऊन परत येण्याचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा. दुसरा ‘खुरूज निहाई’, म्हणजे फायनल एक्झिट. पहिल्यात इकामा जिवंत राहतो आणि कामगाराने मुदतीत परतणे अपेक्षित असते. एकवेळच्या रीएंट्री व्हिसासाठी दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल शुल्क आहे. दुसऱ्यात नोकरीचे आणि वास्तव्याचे नाते संपते. फायनल एक्झिटसाठी शुल्क नाही.

गोंधळ येथेच होतो. नोकरी सोडायची आहे, पण फायनल एक्झिटला वेळ लागेल, असे सांगून कामगाराला रीएंट्रीवर पाठवले जाते. ‘तिकडे गेल्यावर नाही आलास तरी चालेल,’ असे तोंडी सांगितले जाते. घरी कोणी आजारी असेल, आईवडिलांपैकी कोणाचे निधन झाले असेल, तर कामगारही मिळेल त्या कागदावर विमान पकडतो. ही घाई समजण्यासारखी असली तरी महागात पडू शकते. रीएंट्रीवर आलेला माणूस कागदोपत्री नोकरीवरच असतो. तो परतला नाही तर गैरहजर ठरतो. सौदी कामगार कायद्याच्या ८०व्या कलमानुसार विनाकारण सलग १५ दिवसांहून अधिक गैरहजेरी असेल तर लेखी ताकीद देऊन, सेवासमाप्तीची रक्कम न देताही कामगाराला काढता येते. म्हणजे आठ-दहा वर्षांची ग्रॅच्युइटी एका चुकीच्या व्हिसामुळे जाऊ शकते.

अचानक यावे लागले आणि रीएंट्रीशिवाय पर्याय नसेल, तर रजा मंजूर केल्याचा लेखी कागद, ईमेल किंवा किमान व्हॉट्सॲपवरील संदेश जपून ठेवणे हाच बचाव ठरतो.

२०२१च्या सुधारणेने काय बदलले?

सौदी अरेबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये कामगार सुधारणा जाहीर केल्या आणि १४ मार्च २०२१ पासून त्या लागू झाल्या. त्यानुसार खासगी क्षेत्रातील कामगाराला रीएंट्री व्हिसा किंवा फायनल एक्झिटसाठी स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. मालकाला त्याची इलेक्ट्रॉनिक सूचना जाते, पण त्याची मंजुरी आवश्यक राहिलेली नाही. यासाठी गृह मंत्रालयाचे ‘अबशर’ आणि मनुष्यबळ मंत्रालयाचे ‘किवा’ हे दोन मंच वापरले जातात. कराराची नोंद किवावर असणे महत्त्वाचे आहे, कारण करार सुरू आहे की संपला, हे त्यावरच दिसते.

मात्र या सुधारणेच्या बाहेर राहिलेला वर्ग मोठा आहे. घरकामगार, खासगी वाहनचालक, माळी, शेतमजूर, मेंढपाळ आणि घराचे रखवालदार यांना ती लागू झाली नाही. एखाद्या कुटुंबाच्या व्हिसावर ‘हाऊस ड्रायव्हर’ म्हणून गेलेला तरुण आणि कंपनीच्या व्हिसावर ट्रक चालवणारा त्याचाच गाववाला, या दोघांचे हक्क त्यामुळे वेगळे असतात. व्हिसावर नेमका कोणता पेशा लिहिला आहे, हे जातानाच वाचणे म्हणूनच गरजेचे असते. परतीचा रस्ता त्या एका शब्दावर ठरतो.

फायनल एक्झिट अडते कुठे?

मालकाची संमती लागत नाही याचा अर्थ एक्झिट आपोआप मिळते, असा होत नाही. यंत्रणा अनेक नोंदी तपासते आणि त्यांपैकी एक जरी अपुरी असली तरी अर्ज पुढे सरकत नाही.

पहिली नोंद इकाम्याची. इकामा वैध असावा लागतो. तो नूतनीकरण करण्याची आणि त्याचे शुल्क भरण्याची जबाबदारी कायद्याच्या ४०व्या कलमानुसार मालकाची आहे. पण कंपनी डबघाईला आली की सर्वांत आधी थांबतो तो पगार आणि त्यापाठोपाठ इकाम्याचे नूतनीकरण. मग चूक कंपनीची आणि बेकायदा वास्तव्याचा शिक्का कामगारावर, अशी स्थिती होते.

दुसरी नोंद पासपोर्टची. तो मुदतीत असावा लागतो. तिसरी वाहतूक दंडाची. सौदीतील रस्त्यांवर स्वयंचलित कॅमेऱ्यांद्वारे दंड आकारला जातो आणि तो थेट इकामा क्रमांकावर चढतो. तो भरल्याशिवाय एक्झिट निघत नाही. नावावर गाडी असेल तर तीही आधी विकून किंवा दुसऱ्याच्या नावावर करून मोकळी करावी लागते.

चौथी नोंद पोलीस आणि न्यायालयाची. बँकेचे कर्ज, अपघाताचा खटला, कोणी केलेली तक्रार यामुळे नावापुढे ‘मतलूब’, म्हणजे पोलिसांना हवा असलेला, असा शेरा लागू शकतो. यूएईतही न फेडलेल्या कर्जासाठी धनको न्यायालयाकडून प्रवासबंदीचा आदेश मिळवू शकतो. आपल्यावर असा आदेश आहे, हे अनेकांना विमानतळावरच समजते.

पाचवी नोंद कुटुंबाची. बायको-मुले कामगाराच्या परवान्यावर राहत असतील तर त्यांचे परवानेही त्याच्याशी बांधलेले असतात. यूएईत साधारणपणे आधी कुटुंबीयांचे व्हिसा रद्द करावे लागतात किंवा थांबवून ठेवावे लागतात, त्यानंतर मुख्य व्यक्तीचा. सौदीत २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे मासिक शुल्क लागू झाले. ते १०० रियालपासून सुरू होऊन २०२० मध्ये ४०० रियालवर गेले. या शुल्कामुळेच अनेक भारतीय कुटुंबे कमावत्या माणसाच्या आधी मायदेशी परतली.

‘हुरूब’चा शेरा एवढा धोकादायक का?

‘हुरूब’चा शब्दशः अर्थ पळून जाणे. कामगार कामावर येत नाही, अशी तक्रार मालकाने नोंदवली की त्याच्या नावावर हा शेरा लागतो. खरोखर काम सोडून गेलेल्यांसाठी ही तरतूद आहे. पण थकीत पगार मागणाऱ्याला गप्प करण्यासाठीही ती वापरली जाते, हे भारतीय कामगारांचे जुने गाऱ्हाणे आहे. एकदा शेरा लागला की कामगार पकडला जाण्याच्या भीतीने बाहेर पडत नाही, आजारी पडला तरी रुग्णालय टाळतो आणि त्याचा पगाराचा दावाही मागे पडतो.

ऑक्टोबर २०२२ पासून सौदीने या पद्धतीत बदल केला. गैरहजेरीची नोंद झाल्यानंतर कामगाराला दुसऱ्या मालकाकडे जाण्यासाठी किंवा फायनल एक्झिट घेण्यासाठी ६० दिवस दिले जातात. ही मुदत कामगारासाठी निर्णायक असते. त्यामुळे अबशर आणि किवावरील आपली स्थिती महिन्यातून एकदा तरी तपासणे हिताचे आहे. वेतनाचा वाद सुरू असेल तर आठवड्याला एकदा. शेरा खोटा असेल तर आपण कामावर होतो हे दाखवणारे पुरावे, उदाहरणार्थ हजेरीच्या नोंदी, बँकेत जमा झालेला पगार, कामाच्या ठिकाणचे संदेश, याच काळात सादर करता येतात.

सही करण्यापूर्वी कोणता हिशेब तपासावा?

एक्झिटच्या आधी कंपनी कामगाराकडून एका कागदावर सही घेते. ‘माझे सर्व देणे मिळाले, आता कोणताही दावा नाही,’ असा त्याचा आशय असतो. हा कागद बहुधा अरबीत असतो. घरी जाण्याच्या ओढीने तो न वाचता सही केली जाते. नंतर न्यायालयात कंपनी हाच कागद पुढे करते.

रक्कम किती असते, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. समजा, एका वेल्डरने सौदीत आठ वर्षे काम केले आणि त्याचे शेवटचे वेतन महिना २,४०० रियाल आहे. कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी प्रत्येक वर्षामागे अर्ध्या महिन्याचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचे वेतन मिळते. पाच वर्षांचे १,२०० गुणिले पाच, म्हणजे ६,००० रियाल. उरलेल्या तीन वर्षांचे २,४०० गुणिले तीन, म्हणजे ७,२०० रियाल. एकूण १३,२०० रियाल.

पण त्याने राजीनामा दिला असेल तर? दोन वर्षांपेक्षा कमी सेवा असल्यास काहीच मिळत नाही. दोन ते पाच वर्षांसाठी एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांसाठी दोन तृतीयांश आणि दहा वर्षांनंतर पूर्ण रक्कम मिळते. म्हणजे या वेल्डरला राजीनाम्यानंतर ८,८०० रियाल मिळतील. करार संपेपर्यंत थांबून, तो न वाढवता परतला तर १३,२००. फरक ४,४०० रियालचा. रियालचा दर २३ रुपये धरला तर ही रक्कम एक लाख रुपयांच्या पुढे जाते. करार संपायला दोन महिने उरलेले असताना ‘राजीनामा लिहून दे, लगेच एक्झिट लावतो,’ असे कोणी म्हणत असेल, तर त्या वाक्याची किंमत एवढी असते.

याशिवाय न घेतलेल्या रजेचे पैसे आणि परतीचे तिकीट हेही हिशेबात येते. नोकरी संपल्यावर कामगाराला मायदेशी पाठवण्याचे तिकीट मालकाने द्यायचे आहे. कामगार योग्य कारणाविना मध्येच परतत असेल तर मात्र तो खर्च त्याचा. मालकाने करार संपवला तर एका आठवड्यात आणि कामगाराने संपवला तर दोन आठवड्यांत हिशेब चुकता करणे बंधनकारक आहे. यूएईत ही मुदत १४ दिवसांची आहे. तेथे पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचे आणि त्यापुढे ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. हिशेब मूळ वेतनावर असल्याने करारात मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे पाहणे गरजेचे ठरते.

परतल्यानंतर थकबाकी मिळू शकते का?

मिळू शकते, पण वाट लांबची आहे. २०१६ मध्ये सौदीतील बांधकाम कंपन्या आर्थिक संकटात सापडल्या आणि हजारो भारतीय कामगार महिनोन् महिने पगाराविना छावण्यांत अडकले. जेवणाचीही भ्रांत पडल्याने जेद्दाहमधील भारतीय वाणिज्य दूतावासाला अन्नवाटप करावे लागले. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना सौदीला पाठवले. सौदी सरकारने कंपनीच्या संमतीशिवाय एक्झिट आणि परतीच्या विमानाची व्यवस्था मान्य केली. थकीत वेतनाचे दावे नोंदवून जायचे, असे ठरले. तरीही अनेकांनी परतण्यास नकार दिला. एकदा देश सोडला की आपले पैसे बुडाले, ही त्यांची भीती होती.

ही भीती निराधार नव्हती. सौदीत वेतनाचा दावा नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत करावा लागतो. आधी मनुष्यबळ मंत्रालयाकडे समेटाची प्रक्रिया होते आणि तोडगा निघाला नाही तर प्रकरण कामगार न्यायालयात जाते. कामगार भारतात असेल तर त्याच्या वतीने हजर राहणारे कोणीतरी तिथे हवे. यासाठी निघण्यापूर्वी विश्वासू सहकाऱ्याच्या किंवा दूतावासाच्या नावे अधिकारपत्र करून ठेवता येते. इथे परतल्यावर ते करणे अशक्य नसले तरी साक्षांकनाच्या फेऱ्यांत महिने जातात. थोडक्यात, दावा आधी आणि विमान नंतर, हा क्रम शक्य असेल तिथे पाळावा.

पासपोर्ट मालकाकडे असेल तर काय?

कामगाराचा पासपोर्ट ताब्यात ठेवणे आखाती देशांतच बेकायदा आहे. कतारमध्ये त्यासाठी मालकाला दंडाची तरतूद आहे, तर यूएईच्या कामगार कायद्यातही कामगाराची अधिकृत कागदपत्रे अडवून ठेवण्यास मनाई आहे. भारतीय पासपोर्ट ही तर भारत सरकारची मालमत्ता आहे. तरीही ‘सुरक्षित राहावा म्हणून’ पासपोर्ट कपाटात ठेवणाऱ्या कंपन्या आहेतच.

मालक पासपोर्ट देत नसेल किंवा तो हरवला असेल, तर भारतीय दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. आखातात त्याला ‘आऊटपास’ म्हणतात. ते फक्त भारतात परतण्याच्या एका प्रवासासाठी चालते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आऊटपास म्हणजे एक्झिट नव्हे. तो पासपोर्टची जागा घेतो. यजमान देशाची बाहेर पडण्याची परवानगी, बोटांचे ठसे आणि दंड-खटल्यांची तपासणी ही स्वतंत्रच राहते. जुन्या पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत जवळ असेल तर ओळख पटवण्याचे काम बरेच सोपे होते.

दूतावास काय करू शकतो आणि काय नाही?

भारतीय दूतावास कामगार कार्यालयाकडे पाठपुरावा करू शकतो, मालकाशी बोलू शकतो, वकील व दुभाषा मिळवून देऊ शकतो. सौदीत इकामा संपलेल्या किंवा हुरूब लागलेल्या भारतीयांची नोंद घेऊन त्यांच्या फायनल एक्झिटसाठी स्थानिक यंत्रणेकडे प्रकरणे पाठवली जातात. २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडचणीतील नागरिकांची तात्पुरती राहण्याची सोय, विमानाचे तिकीट, कायदेशीर मदत आणि मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च करता येतो. दुबई, रियाध आणि जेद्दाह येथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रेही आहेत.

मात्र एक्झिट व्हिसा देण्याचा अधिकार दूतावासाला नाही. तो त्या देशाचाच असतो. न्यायालयाची प्रवासबंदी दूतावासाच्या पत्राने उठत नाही आणि खासगी कर्ज दूतावास फेडत नाही. ‘पैसे द्या, दूतावासातून एक्झिट लावून देतो,’ असे सांगणारा मध्यस्थ म्हणूनच संशयास्पद मानावा.

घरच्या मंडळींना काय करता येईल?

परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर भारतातील नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती संबंधित दूतावासाकडे जाते. तक्रार करताना कामगाराचा पासपोर्ट क्रमांक, इकामा किंवा निवास परवान्याचा क्रमांक, कंपनीचे नाव आणि कामगाराचा सध्याचा पत्ता द्यावा लागतो. अनेक घरांत नेमकी हीच माहिती नसते. मुलगा ‘जेद्दाहला कंपनीत’ आहे, एवढेच आईवडिलांना माहीत असते. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि इकामा यांचे स्पष्ट फोटो घरातील दोन मोबाइलमध्ये ठेवणे, हे त्यासाठी सर्वांत स्वस्त आणि उपयोगी काम आहे. दहावीपेक्षा कमी शिक्षण असलेल्यांना ईसीआर शिक्क्याच्या पासपोर्टवर ई-मायग्रेट यंत्रणेतून पाठवले गेले असेल, तर भरती एजंटची नोंद तिथे असते आणि त्याच्यावरही तक्रार करता येते.

शेवटचे ६० दिवस कसे आखावेत?

फायनल एक्झिट मिळाल्यानंतर सौदीत देश सोडण्यासाठी साधारण ६० दिवस मिळतात. इकाम्याची उरलेली मुदत कमी असेल तर तेवढेच. या काळात न गेल्यास आणि मुदतीत एक्झिट रद्द न केल्यास १,००० रियाल दंड होतो. त्यामुळे कामांचा क्रम महत्त्वाचा आहे.

एक्झिटचा अर्ज करण्यापूर्वी : इकामा, पासपोर्ट, हुरूब आणि मतलूब यांची स्थिती तपासावी. वाहतूक दंड भरावेत. गाडी विकावी. कर्ज व क्रेडिट कार्ड बंद करून बँकेकडून ‘देणे नाही’ असे पत्र घ्यावे. ग्रॅच्युइटीचा हिशेब लेखी मागावा. अनुभव प्रमाणपत्र घ्यावे. सौदी कायद्यानुसार ते मोफत द्यावे लागते. पुढे दुसऱ्या देशात नोकरी करायची असेल तर पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्रही तिथे असतानाच काढून ठेवणे सोपे जाते.

पैसे जमा झाल्यानंतर : ते बँक खात्यात दिसल्याखेरीज सर्व देणे मिळाल्याच्या कागदावर सही करू नये. कागद अरबीत असेल तर भाषा जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावा. रक्कम कमी असेल तर सही करण्याऐवजी दावा नोंदवावा. मिळालेले पैसे भारतात पाठवून मगच खाते बंद करावे.

निघण्यापूर्वी : अबशरवर एक्झिटची नोंद उघडून ती ‘फायनल’ आहे की ‘रीएंट्री’, हे स्वतः पाहावे. कंपनीच्या माणसाच्या शब्दावर राहू नये. त्या पानाचा स्क्रीनशॉट घरी पाठवावा. तिकीट त्यानंतरच पक्के करावे.

आणि सगळ्यांत शेवटी मोबाइलचे सिम. अबशर, किवा आणि बँक या सर्वांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. विमानतळावर जाण्याआधी दोन दिवस सिम बंद करून बसलेल्याला स्वतःचीच एक्झिट तपासता येत नाही. विमान मुंबईत उतरेपर्यंत तो क्रमांक चालू ठेवावा.